ताईन जिल्ह्याचा कागद हातात घेताना आधी त्यावरचं साल बघा

तुमचा प्रश्न वाचला आणि माझा घानातला पहिला हंगाम आठवला. मामांच्या चंदगडच्या कारखान्यासाठी तिकडची काजू बी थेट घ्यायची आहे, ताईन जिल्ह्यात गोदाम बघताय, आणि हातात तीन कागद आहेत. एकात जिल्हा ब्राँग-आहाफो प्रदेशात, दुसऱ्यात बोनो प्रदेशात, गावांच्या याद्या तर तिन्हींच्या वेगळ्या. खरा कुठला, असं विचारलंय.

तिन्ही खरे आहेत, फक्त आपापल्या सालापुरते. ताईन 2004 मध्ये वेंची जिल्ह्यातून वेगळा झाला, मुख्य ठिकाण न्सॉकॉ. 2012 मध्ये त्यातून बांडा जिल्हा निघाला. फेब्रुवारी 2019 मध्ये ब्राँग-आहाफोचेच बोनो, बोनो ईस्ट आणि आहाफो असे तीन प्रदेश झाले आणि ताईन बोनोत गेला. एक सोपी खूण सांगतो. ज्या कागदात 400 मेगावॅटचं बुई धरण ताईनमध्ये दाखवलंय, तो बांडा वेगळा होण्याआधीचा समजा. त्यातली लोकसंख्या, काजूचं क्षेत्र, रस्त्यांची लांबी, काहीच आज जसंच्या तसं वापरू नका.

आणि 'जिल्हा' या शब्दाने फसू नका. घानात 2004 मध्ये 138 जिल्हे होते, 2012 मध्ये 216 झाले, आता 261 आहेत. 2021 च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या जेमतेम 3 कोटी 8 लाख. म्हणजे सरासरी एका जिल्ह्यात सव्वा लाखाच्या आत माणसं. आपल्या हिशेबाने हा तालुका झाला. मनात कोल्हापूर जिल्हा धरून मालाचा अंदाज बांधलात तर सगळंच चुकेल.

आता माझी चूक, जी मला सगळ्यात महाग पडली. ताईनमधली नाही, घानातल्याच दुसऱ्या दोन शेजारी जिल्ह्यांमधली. नावं घेत नाही. 2014 चा हंगाम होता. मी जुना नकाशा बघून गोदाम भाड्याने घेतलं आणि त्या नकाशात जो जिल्हा होता तिथे परवान्याचे पैसे भरले. गाव दोन वर्षांपूर्वीच नव्या जिल्ह्यात गेलं होतं. हे मला कोणी सांगितलं नाही. पैसे घेणाऱ्या कार्यालयाने गावाचं नाव स्वतःच्या हाताने पावतीवर लिहिलं, शिक्का मारला आणि पावती दिली.

पहिला ट्रक भरून निघाला आणि नाक्यावर अडला. नाका म्हणजे दोन खांबांना बांधलेली दोरी, बाजूला आंब्याखाली टेबल आणि पावतीपुस्तक. तिथल्या माणसाने माझी पावती वाचली, वरच्या ओळीतल्या जिल्ह्याच्या नावावर बोट ठेवलं आणि परत दिली. बोलला अगदी सभ्यपणे, पण दोरी काही सोडली नाही. मी पहिल्या कार्यालयात परत गेलो. साहेब बाहेर आहेत, सोमवारी या. सोमवारी सांगितलं, अर्ज लिहून द्या. अर्ज दिला तर म्हणे, हा आमचा विषयच नाही. मग पैसे का घेतलेत, यावर उत्तर नाही, आणि पैसेही परत मिळाले नाहीत. आजही आठवलं की राग येतो, कारण पैसे घेणाऱ्या बाईंसमोर गावांची यादी भिंतीवर लावलेली होती. वर बघायची तसदी घेतली असती तरी पुरे होतं.

या सगळ्यात नऊ दिवस गेले. मध्ये दोनदा पाऊस झाला आणि ताडपत्री एका कोपऱ्यातून फाटलेली. दहाव्या दिवशी पोत्यात हात घातला तर बी आतून कोमट लागली. तेव्हाच कळलं, माल आतून खराब व्हायला लागलाय. भरताना कापून बघितलं तेव्हा उतारा 48 होता, म्हणजे 80 किलोच्या पोत्याला 48 पौंड गर. बंदरावर 44 निघाला. पोत्यामागे चार पौंड गर नुसता उभ्या ट्रकमध्ये गेला.

म्हणून माझं ठाम मत आहे: नकाशावर विसंबू नका. प्रत्येक जिल्हा ज्या कायदेशीर आदेशाने स्थापन होतो, त्याला तिकडे लेजिस्लेटिव्ह इन्स्ट्रुमेंट म्हणतात. त्याच्या परिशिष्टात कुठला भाग, कुठले मतदारभाग ते लिहिलेलं असतं. ते मागा. मग त्या भागाच्या निवडून आलेल्या असेंब्ली (म्हणजे जिल्ह्याचा कारभार बघणारी सभा) सदस्याला गोदामाच्या जागेवर उभं करून विचारा, ही जागा तुमच्याकडेच ना? असेंब्लीत सत्तर टक्के सदस्य निवडून येतात, बाकीचे नेमलेले. निवडून आलेल्याला स्वतःची हद्द पाठ असते. मी वकील नाही, व्यापारी आहे, आणि 2019 नंतर तिकडे हंगाम केलेला नाही. तेव्हा भरण्याच्या रकमा आणि नियम ताजे विचारून घ्या.

डीसीई, म्हणजे डिस्ट्रिक्ट चीफ एक्झिक्युटिव्ह, हा आपला कलेक्टर नव्हे. राष्ट्राध्यक्ष त्याचं नाव देतात, असेंब्ली मंजूर करते, आणि सरकार बदललं की तो जातो. जानेवारी 2025 नंतर तेच झालं. तुमच्या कागदावरचं नाव त्याआधीचं असेल तर खोडा. कागदपत्रांचं काम कोऑर्डिनेटिंग डायरेक्टरकडे न्या, तो नोकरीतला अधिकारी असतो.

जमीन हा आणखी वेगळा विषय. ती बहुतेक ठिकाणी तिथल्या पारंपरिक प्रमुखाच्या गादीची असते, आणि गादीची हद्द जिल्ह्याच्या हद्दीशी जुळेलच असं नाही. भेटीला जाताना श्नॅप्स नावाच्या दारूची बाटली न्यायची. थेट प्रमुखाशी बोलायचं नाही, शेजारी बसलेल्या ओक्यामेला, म्हणजे त्याच्या प्रवक्त्याला सांगायचं, तो पुढे सांगतो. अनेक गावांत आठवड्यातला एक वार शेतात जायचं नाही असा असतो, आपल्याकडे काही गावांत सोमवारी औत धरत नाहीत तसा. तो वार आधीच विचारा, नाहीतर मजुरांवाचून बसाल.

थोडं विषयाबाहेरचं, पण सांगतोच. ताईनमध्येच हानी गावाजवळ बेघो आहे. सोनं आणि कोला बियांच्या व्यापारासाठी काही शतकांपूर्वी नावाजलेलं गाव, 1970 च्या दशकात पुरातत्त्वज्ञ मेरिक पोझनान्स्की यांनी तिथे उत्खनन केलं. एक सकाळ काढून जा. ज्या भागात आपण व्यापाराला जातोय तो आपल्या कितीतरी आधी व्यापार करत होता, हे माहीत असलं की शेतकऱ्याशी बोलताना आवाज आपोआप खाली येतो.

गोदामाचं गाव ठरलं की नाव इथे टाका, जितक्या प्रकारे लिहिलेलं दिसेल तितक्या सगळ्या प्रकारे. न्सॉकॉच जुन्या कागदांत न्सोको म्हणून सापडतं. माझ्या जुन्या वह्या अजून आहेत, त्यात शोधून सांगतो.