ऑरगॅनिक, लॅब, डान्स आणि हॉस्पिटल: आधी काय कमी करायचं?

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही कळेल. लेक अमेरिकेत स्टेट युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला आहे, प्री-मेड, म्हणजे पुढे मेडिकलला जायची तयारी करणारी. या सत्रात १५ क्रेडिट: ऑरगॅनिक केमिस्ट्री लॅबसह ४, फिजिक्स ४, जेनेटिक्स ३, सायकॉलॉजी ३ आणि रिसर्चचा १. रिसर्च लॅबमध्ये आठवड्याला १२ तास जातात, डान्स टीमच्या प्रॅक्टिसला १०, प्री-मेड क्लबची खजिनदार म्हणून ३, आणि शनिवारी हॉस्पिटलमध्ये व्हॉलंटिअरिंगचे ४. ऑरगॅनिकच्या पहिल्या मिडटर्मला ६१ मिळाले. 'डान्स तरी सोड' म्हटलं की ती फोन ठेवते.

डान्स सोडायला सांगू नका. निदान सगळ्यात आधी तरी नाही.

आपल्यापैकी बहुतेक जण बारावी आणि प्रवेशपरीक्षेच्या मुशीतून आलो. वर्षभर कसंही गेलं तरी शेवटचे दोन-तीन महिने रात्रीचा दिवस केला की भरून निघायचं. भारतात आजही मेडिकलचा प्रवेश नीटच्या एका पेपरवर ठरतो. इथे अमेरिकेत तसं नाही. एमकॅट, म्हणजे इथली मेडिकलची प्रवेशपरीक्षा, कितीही चांगली गेली तरी कॉलेजच्या प्रत्येक कोर्सची ग्रेड अर्जात जशीच्या तशी राहते. एमडीचे, म्हणजे इथल्या डॉक्टरकीच्या मुख्य पदवीचे, बहुतेक अर्ज एएमकॅस या सामायिक अर्जप्रणालीतून जातात. एखादा कोर्स पुन्हा घेतला तरी तिथे जुनी आणि नवी अशा दोन्ही ग्रेड जीपीएत, म्हणजे ४ पैकी काढलेल्या ग्रेडच्या सरासरीत, धरतात. डीओ (डॉक्टरकीचीच दुसरी पदवी) देणाऱ्या कॉलेजांच्या अर्जात पूर्वी नवी ग्रेड जुनीची जागा घ्यायची, ती सोयही २०१७ साली बंद झाली. म्हणजे तिच्या आठवड्यात परत न मिळणारी गोष्ट एकच, ग्रेड. रिसर्च लॅब पुढच्या सत्रात वाढवता येते, हॉस्पिटल उन्हाळ्यात करता येतं, क्लब तर कधीही. कात्री लावायची ती या क्रमाने.

एका सीने किती फरक पडतो ते पाहा. समजा ६० क्रेडिट झाले. त्यातल्या ५६ चा जीपीए ३.८, आणि ४ क्रेडिटच्या ऑरगॅनिकमध्ये सी, म्हणजे २.०. एकूण जीपीए ३.६८ वर येतो. पण एएमकॅस बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित यांचा वेगळा जीपीएही काढतं. त्यात तेव्हा जेमतेम २४ क्रेडिट असतील, तर तोच सी ३.८ चा ३.५ करतो. एमडीला प्रत्यक्ष प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए ३.८ च्या आसपास असतो आणि एमकॅट ५११-५१२ च्या. ३.५ ने दार बंद होत नाही, पण पुढच्या प्रत्येक सत्रावर त्याचं ओझं राहतं.

आता तास मोजू. आठवड्याचे १६८. झोप ५६. जेवणखाण, अंघोळ, कपडे, येणंजाणं यांचे रोज ४ धरले तर २८. उरले ८४. कोर्सवर्कच्या १४ क्रेडिटना वर्ग, प्रयोगशाळा आणि घरचा अभ्यास मिळून ४६ तास लागतात. यात लोकांची एक चूक नेहमी होते: प्रयोगशाळेचा एक क्रेडिट म्हणजे एक तास नव्हे. तिथे तीन-चार तास उभं राहावं लागतं आणि रिपोर्ट लिहायला आणखी तीन जातात. मग रिसर्च लॅब १२, डान्स १०, क्लब ३, हॉस्पिटल येण्याजाण्यासह ५. बेरीज ७६. हातात ८ तास उरतात. साध्या आठवड्यात हे निभतं, म्हणूनच सप्टेंबरमध्ये सगळं छान चाललंय असं वाटतं. मिडटर्मच्या आठवड्यात ऑरगॅनिकला एकट्यालाच १२ ते १५ तास जास्तीचे लागतात, त्यातच फिजिक्सचा पेपर येतो, आणि मग झोप कापली जाते. ६१ चं मूळ बहुधा इथेच आहे.

तरी ६१ ला घाबरण्याआधी वर्गाची सरासरी विचारा. ऑरगॅनिकमध्ये ती ५५-६० असणं नवलाचं नाही. सरासरी ५५ असेल तर ६१ ही बी किंवा बी प्लसची जागा असू शकते, ७५ असेल तर प्रकरण गंभीर आहे. ग्रेडिंगची पद्धत सिलॅबसमध्ये लिहिलेली असते. सरासरी काहीही असली तरी तिने पेपर घेऊन ऑफिस अवर्सला, म्हणजे प्रोफेसरांच्या भेटीच्या वेळेत, जावं, आणि जाण्याआधी गेलेल्या प्रत्येक गुणापुढे कारण लिहावं: रीएजंट माहीतच नव्हता, माहीत होता पण मेकॅनिझमचे बाण (इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते) काढता आले नाहीत, की वेळ पुरला नाही. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

सर्वात जास्त गुण मधल्या कारणाने जातात. मुलं सोडवलेली उत्तरं वाचतात, 'हो, बरोबर' म्हणतात आणि पुढे जातात. ते ओळखणं झालं, येणं नव्हे. कोरा कागद घ्यायचा, डावीकडे सुरुवातीचा रेणू, बाणावर रीएजंट, आणि पुस्तक मिटून मेकॅनिझम पूर्ण काढायची, स्टिरिओकेमिस्ट्रीसकट. २-ब्रोमोब्युटेनसमोर सोडियम इथॉक्साइड आलं तर मुख्यतः ई-टू ही एलिमिनेशन अभिक्रिया, डीएमएफ या द्रावकात सोडियम अझाइड आलं तर एसएन-टू ही सब्स्टिट्यूशन अभिक्रिया आणि रचना उलटी. हे 'का' ते तिला तोंडी सांगता आलं पाहिजे: पहिला जोरदार बेस आहे, दुसरा चांगला न्यूक्लिओफाइल पण दुबळा बेस. अशा जोड्या रोज आठ-दहा, पंचेचाळीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. रविवारी सलग पाच तास बसण्यापेक्षा हे कितीतरी जास्त टिकतं. वेळ पुरला नसेल तर जुने पेपर घड्याळ लावून सोडवायचे. बरेच प्रोफेसर ते स्वतःच देतात.

आता रिसर्च लॅब. सगळ्यात जास्त तास वाचतील ते इथे, आणि काम कमी न करता. बारा तास कसे विखुरलेत ते विचारा. दोन वर्गांच्या मधल्या फटीत दीड-दोन तास, असं असेल तर ते वेळापत्रक वेट लॅबला, म्हणजे रसायनं आणि पेशी हाताळायच्या प्रयोगांना, चालतच नाही. प्रथिनं ओळखायचा वेस्टर्न ब्लॉट हा प्रयोग घ्या. जेल चालवायला तास-सव्वा तास, ट्रान्सफरला तेवढाच, ब्लॉकिंगला एक तास, आधीची-मधली तयारी धरून पहिला दिवस पाच तासांचा. प्रायमरी अँटिबॉडी रात्रभर ४ अंशांवर. दुसऱ्या दिवशी धुणं, सेकंडरीचा एक तास, पुन्हा धुणं, इमेजिंग, असे तीन तास. हे दोन तासांच्या फटीत सुरू केलं की एक तर पुढचा वर्ग बुडतो, नाहीतर संध्याकाळी परत जावं लागतं. म्हणून लागून येणाऱ्या दोन दिवसांचे दोन सलग तुकडे मागायचे, उदाहरणार्थ गुरुवारी दुपारी १ ते ६ आणि शुक्रवारी सकाळी ९ ते १२. झाले ८ तास, आणि एक प्रयोग पूर्ण. पेशी वाढवायचं काम तिच्याकडे असेल तर त्या दर दोन-तीन दिवसांनी विभागाव्या लागतात, त्यांना मिडटर्म कळत नाही. ते काम दुसऱ्या कुणाबरोबर वाटून घेतलंच पाहिजे. परीक्षेच्या आठवड्यात इमेज मोजणं किंवा आकडेवारीचं काम मागून घ्यावं, ते खोलीवर बसून कधीही होतं.

हे बोलायचं आधी त्या ग्रॅड स्टुडंट किंवा पोस्टडॉकशी, जो तिला रोज शिकवतो. मग पीआयला, म्हणजे लॅबच्या प्रमुख प्राध्यापकांना, ईमेल. त्यात चारच गोष्टी हव्यात: सत्राच्या उरलेल्या सर्व परीक्षांच्या तारखा, ती नक्की येऊ शकेल असे दोन तुकडे, हातातलं कोणतं काम कधीपर्यंत पूर्ण करेल, आणि उन्हाळ्यात किती वेळ देऊ शकेल. रडगाणं नको, माफीही नको. पीआयना कमी तासांचा राग सहसा येत नाही. येतो तो 'येते' म्हणून न येण्याचा, आणि प्रयोगवहीत तारीख, लॉट नंबर, सौम्यीकरण न लिहिण्याचा. एक क्रेडिटला किती तास बांधील आहेत तेही तपासा, अनेक ठिकाणी तीन-चारच असतात. तसं असेल तर ती आज तिपटीने देते आहे.

एक गैरसमज इथेच दूर करतो. एमडीसाठी रिसर्च पेपर छापून येणं अट नाही. एमडी-पीएचडीला जायचं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे दीर्घ आणि खोल काम लागतंच. बाकीच्यांना मुलाखतीत 'तू नेमकं काय केलंस, तो प्रयोग का फसला' हे पाच मिनिटं नीट सांगता यावं. आठ तास दोन वर्षं हे बारा तास एका सत्रापेक्षा वजनदार.

क्लबचं खजिनदारपद मात्र डिसेंबरात सोडावं. हिशेब पूर्ण करून, पासवर्ड आणि पावत्या पुढच्या व्यक्तीकडे सोपवून. प्रत्येक प्री-मेड मुलाच्या अर्जात असा क्लब असतोच, त्याने कुणी वेगळं दिसत नाही. लॅबचे ४ आणि क्लबचे ३ मिळाले की शिल्लक ८ ची १५ होते. मिडटर्मच्या आठवड्याला लागतात तेवढेच ते तास. या सत्रात क्लब अजून सुटलेला नसेल, म्हणून परीक्षेच्या दोन-तीन शनिवारी हॉस्पिटलमध्ये आधी कळवून बदली घ्यावी.

आणि म्हणूनच डान्स ठेवा. आठवड्यातले तेवढेच दहा तास ती मित्रमैत्रिणींत असते आणि शरीर हलतं. अर्जातही चार वर्षं टिकवलेली एक गोष्ट चार क्लबच्या पदांपेक्षा बोलकी असते. एएमकॅसमध्ये जास्तीत जास्त १५ उपक्रम लिहिता येतात, प्रत्येकाला ७०० अक्षरं, आणि त्यातले ३ सर्वांत महत्त्वाचे म्हणून आणखी १३२५ अक्षरं. पंधराच्या पंधरा रकाने भरायलाच हवेत असं नाही. धोका आहे तो वसंत सत्रात. स्पर्धा शुक्रवार ते रविवार असतात, प्रवासासकट. ऑरगॅनिक-टूच्या परीक्षांच्या तारखा जानेवारीत कळल्या की त्या शेजारी ठेवूनच तिने स्पर्धांना होकार द्यावा.

कुणी तरी सुचवेलच, म्हणून सांगतो: सुट्टीत पुण्या-नाशिकला काकांच्या हॉस्पिटलमध्ये पाठवणं हा शॉर्टकट नाही. पाहायला जरूर जाऊ दे. पण टाके घालणं, इंजेक्शन देणं असं काहीही तिने करू नये. प्रशिक्षण नसताना रुग्णाला हात लावणं रुग्णावर अन्याय आहे, आणि असे अनुभव अर्जात विरोधात जातात. अमेरिकी मेडिकल कॉलेजांच्या संघटनेच्या, एएएमसीच्या, मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात. शिवाय प्रवेश समितीला इथली आरोग्यव्यवस्था तिने पाहिली आहे का हे कळायचं असतं. त्यापेक्षा रविवारी महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत लहान मुलांना शिकवत असेल तर ती चांगली समाजसेवा आहे आणि तशीच लिहावी. पण या सत्रात नव्याने सुरू करू नये.

दुसऱ्या मिडटर्मनंतर कोर्स सोडायचा का, हा प्रश्न उभा राहू शकतो. सोडलेल्या कोर्सपुढे डब्ल्यू (विथड्रॉ) असा शेरा येतो, तो एकदा चालतो, जीपीएत धरत नाहीत. पण तीन गोष्टी आधी पाहा. डब्ल्यूची शेवटची तारीख विद्यापीठाच्या कॅलेंडरमध्ये असते, ती दुसऱ्या मिडटर्मचे गुण येण्याच्या आधीच असेल तर प्रोफेसरांना लवकर गुण विचारावे लागतील. १५ मधून ४ गेले की ११ उरतात, म्हणजे पूर्णवेळ विद्यार्थ्यासाठी लागणाऱ्या १२ च्या खाली, आणि त्यावर आर्थिक मदत, कधी विमा, विद्यार्थ्यांच्या एफ-१ वर असेल तर व्हिसासुद्धा अवलंबून असतो. तिसरं, ऑरगॅनिक पुढे ढकललं की बायोकेमिस्ट्री ढकलली जाते आणि तिच्यामागे एमकॅट. एमकॅट लांबण्याचं मला विशेष वाटत नाही. साडेसात तासांची ती परीक्षा, तयारीला तीनेक महिने लागतातच, आणि आता निम्म्याहून अधिक मुलं पदवीनंतर एक-दोन वर्षं थांबूनच मेडिकलला जातात. उन्हाळ्यात पाच-सहा आठवड्यांत ऑरगॅनिक उरकणं मात्र मी सुचवणार नाही. पंधरा आठवड्यांचं तेवढ्यात पचत नाही.

तुम्ही लिहिलेलं नाही, पण ती एच-४ वर, म्हणजे एच-१बीवर काम करणाऱ्या पालकामुळे मिळणाऱ्या व्हिसावर, असेल तर हे सगळ्याच्या आधी बघा. २१ व्या वर्षी तो दर्जा संपतो, आणि बरीच मेडिकल कॉलेजं फक्त नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकांचेच अर्ज घेतात. कॉलेजांची यादी आत्ताच त्या चाळणीतून काढावी लागेल.

तुमच्याकडून दोनच गोष्टी. प्रोफेसरांना किंवा अॅडव्हायजरना तुम्ही ईमेल करू नका. विद्यार्थ्यांची माहिती गोपनीय ठेवणाऱ्या फेर्पा कायद्यामुळे तिच्या परवानगीशिवाय ते तुम्हाला सहसा काही सांगत नाहीत, आणि तिचं मात्र नाव खराब होतं. आणि फोनवर 'किती मिळाले' ऐवजी 'या आठवड्यात कुठल्या दोन संध्याकाळी मोकळ्या आहेत' हे विचारा. एकही नाही असं उत्तर आलं तर वरचं गणित तिच्यापुढे ठेवा, कापायचं काय ते तिला ठरवू द्या.

वर्गाची सरासरी, दुसऱ्या मिडटर्मची तारीख आणि डब्ल्यूची तारीख कळली की इथे लिहा, त्यावरून पुढचे चार आठवडे बसवून देतो.