मिशनकार्याहून परतल्यावर घर परकं का वाटतं?

“परत येऊन आठ महिने झाले. सगळे म्हणतात, आता निवांत राहा. मला मात्र आपल्याच घरात पाहुणी असल्यासारखं वाटतं. आमची श्रद्धाच कमी पडली का?”

बडोद्याच्या फत्तेगंज भागातल्या एका मराठी ख्रिस्ती परिचारिकेचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) नवरा शिक्षक, मुलगी बारा वर्षांची. टांझानियात डोडोमाजवळच्या मिशन दवाखान्यात नऊ वर्षं काढून तिघं परतले होते.

श्रद्धेचं नंतर बघू म्हणून आधी रक्त तपासून घेतलं: हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२. थकव्याचं मूळ शरीरात असेल तर नुसत्या बोलण्याने तो जात नाही. आफ्रिकेहून आलेल्याला ताप आला, तर डॉक्टरांना तसं आवर्जून सांगावं. मलेरियाचे काही प्रकार यकृतात महिनोन् महिने दबून राहतात. तपासण्या ठीक निघाल्या. नैराश्य मापायच्या नऊ प्रश्नांच्या पीएचक्यू-९ चाचणीत २७ पैकी ११ गुण आले. दहापासून पुढे दुर्लक्ष करायचं नसतं.

परदेशी जाताना बिचकायला होणार, हे सगळे धरून चालतात. परतताना तेच पुन्हा होतं, हे अमेरिकी संशोधक गुलाहॉर्न दांपत्याने १९६३ मध्ये मांडलं. इथे मूळ दुखणं होतं ते काम सुटल्याचं. तिकडे रात्री-अपरात्री तिच्या दाराशी माणसं यायची, बाळंतपणं ती एकटीच्या हिमतीवर करायची. इथे नर्सिंग नोंदणीचं नूतनीकरण अडकलेलं, म्हणून नोकरी नाही. माणूस गेलं तर भेटायला लोक येतात. काम आणि भाषा सुटली तर कोणी येत नाही, मग ते दुःख ‘श्रद्धा कमी पडली’ या नावाने बाहेर पडतं.

त्यात एक चूक झाली होती, आणि ती बहुतेकांकडून होते. आल्यावर दुसऱ्याच रविवारी तिला उपासनेत साक्ष द्यायला, म्हणजे श्रद्धेचे अनुभव सांगायला, उभं केलं. मग आणखी चार मंडळ्यांत (चर्चमध्ये). प्रत्येक ठिकाणी यशच सांगितलं. दगावलेल्या बाळांविषयी ती कुठेच बोलली नव्हती. शिवाय संडे स्कूलही अंगावर घेतलं होतं.

पाळकसाहेबांशी बोलून तीन महिने मंडळीची कोणतीही जबाबदारी नको, हे ठरवलं. अनुभव तीन मापांत बसवायला सांगितला: दारात भेटलेल्यासाठी दोन मिनिटं, नातेवाइकांसाठी पंधरा मिनिटं आणि एकाच विश्वासू माणसासाठी दोन तास, ज्यात अपयशही येईल. दोन मिनिटांच्या माणसाला दोन तासांचं सांगायला गेलं की तो मोबाइलकडे बघतो, आणि बोलणारा मिटून जातो. तिने मोठ्या जावेला निवडलं. व्हिसाच्या घाईत निरोप घ्यायचा राहिलेल्या चौघांना स्वाहिलीत आवाजी संदेश पाठवले. नोंदणीच्या कागदांसाठी आठवड्याची एक सकाळ ठरवली. ‘नंतर करू’ म्हटलेला कागद मनावर ओझं होऊन बसतो. परदेशातल्या कमाईचं एनआरई (अनिवासी भारतीयांचं) बँक खातंही आल्यावर निवासी करून घ्यावं लागतं.

मुलीची गोष्ट वेगळी. आईबाप परतले होते, ती तर परदेशीच निघाली होती. अशा मुलांना ‘तिसऱ्या संस्कृतीची मुलं’ म्हणतात: एक संस्कृती आईबापांची, दुसरी वाढल्या देशाची, आणि दोन्हींच्या मधली त्यांची स्वतःची तिसरी. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रूथ युसीम यांनी १९५० च्या दशकात भारतातल्या अमेरिकी कुटुंबांचा अभ्यास करताना ही कल्पना मांडली. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात, सकाळचे सात म्हणजे एक. तिच्या तोंडून ‘तीन वाजता’ गेलं की वर्गात हशा पिकायचा, नऊ वाजता म्हणायचं होतं हे कोणाला कळायचं नाही. त्यात सातवी, गुजरातच्या २०२३ च्या कायद्याने पहिली ते आठवीपर्यंत गुजराती शिकणं सक्तीचं. रोज वीस मिनिटं गुजराती, तेही शेजारच्या मुलीबरोबर, एवढंच ठेवलं. घरी स्वाहिली बोलायला मुभा. ‘आता आपली भाषा बोल’ हा धोशा आजीला सोडायला लावला.

सहा आठवड्यांनी गुण ७ वर आले. ते वाढले असते, दोन आठवडे झोप उडाली असती किंवा जगणं नको असे विचार आले असते, तर मनोविकारतज्ज्ञांकडेच पाठवलं असतं; मरणाचे विचार असतील तर त्याच दिवशी.