नाचणीत फायबर किती? आधी पद्धत विचारा

कळव्यात आमचा बचत गट आहे. नाचणीचं पीठ दोन प्रयोगशाळांत तपासलं. एकीने 100 ग्रॅममागे 3.6 ग्रॅम फायबर दिलं, दुसरीने 11. कोण चुकलं?

ताई, बहुधा कुणीच नाही. पहिल्या अहवालात 'क्रूड फायबर' लिहिलंय का, बघा. त्या जुन्या पद्धतीत पीठ आधी सौम्य सल्फ्युरिक आम्लात आणि मग कॉस्टिक सोड्यात उकळतात. विरघळणारे तंतू त्यात जातातच, हेमिसेल्युलोज हा पेशीभिंतीतला तंतूही बराचसा निघून जातो. दुसऱ्या, म्हणजे आहारतंतू (डाएटरी फायबर) मोजायच्या पद्धतीत पचनाची नक्कल असते. एन्झाइमांनी स्टार्च आणि प्रथिनं तोडायची, चौपट अल्कोहोल घालून विरघळलेले तंतू खाली बसवायचे, गाळून-वाळवून वजन करायचं आणि त्यातून उरलेली प्रथिनं व राख वजा करायची. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यात नाचणीचे आहारतंतू 11.18 ग्रॅम आहेत. तुमच्या पाकिटावर हाच प्रकार छापा. क्रूड फायबरचा आकडा घातलात तर चांगल्या नाचणीवर अन्याय होतो, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

वाशीच्या बाजारातून आणलेलं एकच पोतं, एकच प्रयोगशाळा. तरी एकदा 10.4, एकदा 11.3?

एवढा फरक मला खटकत नाही. चाचणीला जेमतेम 1 ग्रॅम पीठ लागतं. पोतं हललं की कोंडा आणि बारीक पीठ वेगळं होतं, म्हणून चार-पाच ठिकाणचं पीठ काढून एकत्र करूनच नमुना द्या.

ऐरोलीत आम्ही पौष्टिक बार बनवतो. 100 ग्रॅमला 8 ग्रॅम इन्युलिन हा विरघळणारा तंतू घालतो, अहवालात एकूण फायबर 5च!

इन्युलिनच्या आखूड साखळ्या अल्कोहोलमध्ये खाली बसत नाहीत. त्या गाळलेल्या द्रवाबरोबर निघून जातात, आणि वर सांगितलेली एन्झाइमची जुनी पद्धत (AOAC या संस्थेच्या यादीत क्रमांक 985.29) त्या द्रवाकडे बघतच नाही. त्याच यादीतल्या 2009.01 किंवा 2017.16 ने तपासून मागा. या दोन्हींत तो द्रवही एचपीएलसीवर, म्हणजे द्रवातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, मोजतात. पहिलीत पचनाला 16 तास देतात, नवीनमध्ये 4. शक्य असेल तर नवीनच घ्या, ती आतड्यातल्या वेळेच्या जास्त जवळची आहे.

एक चूक मात्र करू नका. जुन्या 5 मध्ये स्वतःचे 8 मिळवून 13 छापू नका. लांब साखळ्यांचं थोडं इन्युलिन त्या 5 मध्ये आधीच आलेलं असतं, म्हणजे तेवढं दोनदा मोजलं जाईल.