62 खोडू नकोस

फोंडा, रविवार, 13 एप्रिल 2025

चि. शीटवाल्यास अनेक आशीर्वाद.

बाजाराच्या तिंट्यावर तुला याच नावानं हाक मारतात, म्हणून मीही तेच लिहिलं. राग मानू नकोस.

गुरुवारी तू आलास आणि अर्धा चहा तसाच टाकून गेलास. दारात चपला घालता घालता विचारलंस, "काका, चुकलं कोण? आकडे की मी?" मी गप्प राहिलो. तेव्हा जे तोंडात आलं होतं ते बोललो असतो, तर तू पुन्हा या घराची पायरी चढला नसतास. आज डोकं थोडं थंड आहे.

तू फुटबॉलच्या अंदाजांची तुझी शीट उघडून दाखवलीस तेव्हा आयएसएलच्या (इंडियन सुपर लीगच्या) सेमीच्या रकान्यात एफसी गोव्यापुढे 45 टक्के होतं. माझ्या वहीत 1 एप्रिलच्या पानावर लिहिलंय: 'शीटवाला. गोवा फायनलला. 62.' बेंगळुरूच्या मॅचच्या आदल्या रात्री रस-ऑम्लेटच्या गाड्यावर चारचौघांत तू हे बोलला होतास आणि मी तिथल्या तिथे टिपलं होतं. मग 62 चे 45 कधी झाले? आणि 'बेंगळुरूचा फॉर्म' हा नवा रकाना कधी उगवला? सहा तारखेनंतर, आपण सेमी हरल्यावर. रात्री. कोणी बघत नसताना.

पुता, चूक ती आहे. 62 ही चूक नव्हती.

लीगमध्ये गोवा 48 गुणांवर दुसरा आणि बेंगळुरू 38 वर तिसरा. 24 सामन्यांत दहा गुणांचा फरक म्हणजे थोडाथोडका नव्हे. पहिले दोन संघ थेट सेमीत, बाकीच्या दोन जागांसाठी पुढचे चौघे एकेक नॉकआऊट खेळणार. सेमी दोन मॅचची, परतीची आपल्या फातोर्ड्याच्या स्टेडियमवर. यावरून तू 62 काढलेस. मी 55 काढले असते, पण 62 ला हसण्यासारखं काही नाही. आणि हो, बेंगळुरूनं नॉकआऊटमध्ये मुंबईला 5-0 हाणलं ते 29 मार्चला, म्हणजे तुझ्या 62 च्या आधी. मी तेव्हा विचारलंही होतं. तू म्हणालास, "एका मॅचवरून फॉर्म ठरत नाही, काका." बरोबर बोललास. मग आता त्याच एका मॅचचा अख्खा रकाना कसा झाला?

62 म्हणजे काय ते तुला मी शिकवायचं? शंभर वेळा ही सेमी झाली तर अडतीस वेळा आपण बाहेर. पाचातले जवळजवळ दोन. त्या दोनातला एक दिवस आपल्या वाट्याला आला. तिथे 0-2, इथे 88व्या मिनिटाला 2-0, एकूण बरोबरी, सगळं स्टेडियम उभं, आणि 92व्या मिनिटाला बेंगळुरूचा चाळीस वर्षांचा सुनील छेत्री डोकं लावून गोल करून जातो. याला तुझ्या शीटमध्ये रकाना नाही. असूही नये.

एका निकालावरून 62 बरोबर होते की चूक, हे कळतच नाही. साठ-पासष्टच्या घरातले तुझे सगळे अंदाज एकत्र कर. पन्नास जमू देत. मग मोज, किती खरे झाले. तीस-बत्तीस झाले तर शीट शहाणी. पंचेचाळीस झाले तरी ती चुकलीच, फक्त भित्रेपणाच्या बाजूला. पण हे मोजायचं तर आकडा पहिल्या दिवशी होता तिथेच असायला हवा. प्रत्येक पराभवानंतर मागे जाऊन तू डागडुजी करत राहिलास, तर मोसम संपेपर्यंत तुझी शीट शंभर टक्के बरोबर असेल आणि पुढच्या मॅचला तिचा काडीचा उपयोग नसेल.

म्हणून सांगतो, आणि पुन्हा पुन्हा सांगणार आहे: मॅचच्या आधी लिही, मॅचनंतर खोडू नकोस.

फॉर्मचा रकाना हवाय? खुशाल घाल. कल्पना वाईट नाही. पण तारीख टाकून, पुढच्या मॅचपासून. मागच्याला हात लावायचा नाही. तुझ्या त्या लाडक्या एक्सजीचंही (फटक्यावरून काढलेल्या 'अपेक्षित गोलां'चंही) तेच. मला आता तो कळतो, हसू नकोस. पेनल्टी म्हणजे साधारण पाऊण गोल, मध्यरेषेवरून मारलेला फटका म्हणजे शून्याच्या शेजारी. पुढचा अंदाज बांधायला चांगलं हत्यार आहे. पण मॅच हरल्यावर "एक्सजी बघितलात तर खरं म्हणजे आपणच जिंकलो" असं म्हणायला ते वापरलंस, तर तेही खोडणंच.

आता तुला हसले त्यांच्याबद्दल. "फुटबॉल डोळ्यांनी बघायचा असतो" म्हणणाऱ्यांचे डोळे तू समजतोस त्याहून चांगले आहेत. 2006-07 पासून 2012-13 पर्यंत सलग सात मोसम देशाची लीग गोव्याबाहेर गेली नाही. चार वेळा धेंपो, दोनदा चर्चिल, एकदा साळगावकर. ते बघून तयार झालेले डोळे आहेत हे. लेफ्ट बॅकचे पाय जड झालेत हे त्यांना प्रशिक्षकाच्या आधी कळतं. अशा माणसाशेजारी बसायला मिळतंय तर बस, आणि शीट पिशवीत ठेव. फक्त डोळ्यांची एक खोड आहे. शिट्टी वाजल्यावर ते फारच तीक्ष्ण होतात.

"गोवा शेवटच्या पाच मिनिटांत कोसळतो." हे परवा तुला गाड्यावर तिघांनी ऐकवलं. पुरावे तीन. 2015 ची फायनल. 2024 ची सेमी, 90व्या मिनिटापर्यंत मुंबईवर 2-0 आणि शिट्टीला 2-3. आणि आता छेत्री. तिन्ही खरे, तिन्ही फातोर्ड्याचे, तिन्ही वेळा मी तिथेच. पण ज्या मॅचेसमध्ये आघाडी टिकली त्या कोणी मोजल्या? परवा 88व्या मिनिटाचा आपला गोल शेवटच्या पाच मिनिटांतला नव्हता? तो कुठल्या खात्यात टाकायचा? 2014 ची सेमी दोन्ही सामन्यांत गोल न होता पेनल्टीवर गेली. 2021 चीही पेनल्टीवरच गेली, 5-6. त्या मोसमात सगळी लीग गोव्यात खेळली गेली आणि आपण गोंयकार दाराबाहेर, टीव्हीसमोर. या दोन पराभवांना 'कोसळणं' म्हणायचं का? ज्याला म्हणायचंय त्यानं पुढच्या मोसमाच्या आधी म्हणावं. लिहून.

प्लेऑफचं तर विचारूच नकोस. लीगमध्ये पहिला येणाऱ्याला शील्ड, प्लेऑफ जिंकणाऱ्याला कप; शील्ड मोहन बागानकडे होतंच, काल कपही घेतला. शील्ड 2019-20 ला सुरू झालं, तेव्हापासूनच्या सहा मोसमांत हे फक्त दुसऱ्यांदा. पहिल्यांदा मुंबईनं केलं, 2020-21 ला. बाकी चार वेळा लीग जिंकणारा वेगळा, कप उचलणारा वेगळा. पहिलं शील्ड आपलंच होतं, 18 सामन्यांत 39 गुण, 46 गोल. आणि सेमीत चेन्नईनकडून तिथे 1-4, इथे 4-2, एकूण 5-6. तेव्हा सगळ्यात चांगला संघ कुठला? गुणतक्त्याचा की कपाचा? जे उत्तर द्यायचं ते ऑगस्टमध्ये दे, एप्रिलमध्ये नको.

तुला वाटत असेल, म्हातारा एकाच सुरात का ओरडतोय. सांगतो. घरात हे कोणाला ठाऊक नाही.

20 डिसेंबर 2015. चेन्नईनशी फायनल फातोर्ड्याला, बेंचवर आपले प्रशिक्षक झिको. महिन्याभरापूर्वी आपण मुंबईला 7-0 मारलेलं, लीगमध्ये पहिले. सकाळी मी वहीत लिहिलं: 'गोवा 3-1. नक्की.' 'नक्की'खाली दोन रेघा. 87व्या मिनिटाला आपल्या जोफ्रेनं 2-1 केलं तेव्हा मी शेजारच्या अनोळखी माणसाच्या गळ्यात पडलो. मग 90व्या मिनिटाला आपला स्वयंगोल आणि लगेच त्यांचा मेंडोझा. 2-3. मी अजून त्या माणसाचा खांदा धरून उभा होतो.

परतताना माझा मित्र स्कूटर चालवत होता, मी मागे. बोरीच्या पुलावर त्याला थांब म्हटलं. त्याला वाटलं मला ओकारी येतेय. मी पिशवीतून वही काढली, ते पान फाडलं आणि जुवारीत सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी गाड्यावर सगळ्यांत मोठा आवाज माझा: "मी म्हटलंच होतं, आपला बचाव शेवटी टिकत नाही." मित्र बाजूला बसून पाव मोडत होता. एक शब्द बोलला नाही.

तर ती 'शेवटी कोसळतो'ची थिअरी, जी परवा तिघांनी तुझ्या डोक्यावर आपटली, ती फोंड्यात पहिल्यांदा कोणी आणली असेल असं तुला वाटतं?

तीन वर्षं ते पान कोणी काढलं नाही. मग 17 मार्च 2019 ला मुंबईत बेंगळुरूविरुद्धची फायनल, 117व्या मिनिटाला राहुल भेकेचा गोल, 0-1. आत्तासारखेच हुर्राकाचे, काजूच्या ताज्या दारूचे दिवस होते. मित्र आपल्या स्पॅनिश स्ट्रायकरबद्दल म्हणाला, "कोरो मोठ्या मॅचला दिसत नाही." त्या मोसमात कोरोचे 16 गोल, आदल्या मोसमात 18. मी तापलो. पुढच्याच महिन्यात, 13 एप्रिलला, आज बरोबर सहा वर्षं झाली, भुवनेश्वरच्या सुपर कप फायनलला कोरोनं चेन्नईनवर गोल केला आणि आपण 2-1 जिंकलो. मी मित्राच्या नाकासमोर बोट नाचवत गेलो. तो म्हणाला, "सुपर कप ही काय मोठी मॅच?" मी म्हटलं, "मोठी कुठली ते आधी ठरवायचं असतं, नंतर नाही." तो शांतपणे म्हणाला, "जुवारीतलं पान वर काढ. मग मला आधी आणि नंतर शिकव."

त्यानंतर आमचं बोलणं बंद. वर्षभरात तो पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेला, स्विंडनला. मी स्टेशनवर सोडायला गेलो नाही.

कोरोबद्दल मात्र माझंच खरं होतं, हे इथे लिहून ठेवतो. तीन मोसमांत आयएसएलच्या 57 सामन्यांत 48 गोल. 2019 च्या सेमीत मुंबईला 5-1 हरवलं त्यातही त्याचा एक होता. ती छोटी मॅच होती का? आणि 2015 चा माझा अंदाज 87 ते 90 ही तीन मिनिटं तरी जवळजवळ खरा होता की नाही? झिकोच्या जागी मी असतो तर... बघ. दहा वर्षं होत आली, हात अजून खोडरबराकडेच जातो.

म्हणूनच तुझे 45 बघून माझी कानशिलं तापली. तू विशीत आहेस. मला ही लाज वाटायला साठी यावी लागली आणि तोवर शेजारची खुर्ची रिकामी झाली होती. हरल्यावर तुला हसले, तर हसू देत. दोन दिवस हसतील, मग काजू आणि फेणीच्या भावाकडे वळतील. पण तू 62 म्हणाला होतास हे ऐकलेला एक तरी माणूस गाड्यावर असतोच. तो गप्प पाव मोडत बसतो आणि पुढच्या वेळी तू आकडा सांगितलास की मान हलवतो, ऐकत नाही.

सोमवारी, छेत्रीच्या गोलनंतरच्या सकाळी, मी 2015 ची वही काढली. फाटलेल्या पानाचा दातेरी काठ अजून शिवणीत आहे. त्याला नवं पान चिकटवलं आणि लिहिलं, '20 डिसेंबर 2015. गोवा 3-1. नक्की.' खाली त्या सोमवारची तारीख टाकली, हे पान नंतर लावलंय असंही लिहिलं, आणि फोटो स्विंडनला पाठवला. नंबर तोच आहे की नाही कोण जाणे, असं वाटत होतं. रात्री उत्तर आलं. तीनच शब्द: 'दोन रेघा राहिल्या.'

मारल्या.

आता तुझं काम. 20 पासून भुवनेश्वरला सुपर कप सुरू होतोय. सगळी नॉकआऊट, एकेक मॅच, आपली पहिली गोकुळमशी. माझं आज लिहून झालंय: 'गोवा सुपर कप जिंकेल: 100 पैकी 10. पोरं मनानं थकलीत.' वही टेबलावरच असेल, तुला बघायला. तुझा आकडा घेऊन शनिवारच्या आत ये. त्याआधी 62 परत जागेवर घाल, 'फॉर्म'चा रकाना 21 तारखेपासून सुरू कर, आणि तिंट्यावर कोणी विचारलं तर 62 च सांग.

आणि येशील तेव्हा चहा पुरता पिऊन जा. काकी दोन दिवस मलाच विचारतेय, साखर कमी पडली का म्हणून.

तुझा,
काका