वाचकांचे प्रश्न : कोरी डिस्क कोणती घ्यावी?

घरातल्या जुन्या व्हीएचएस कॅसेटी डीव्हीडीवर उतरवणाऱ्या वाचकांची पत्रं या वेळी जास्त आली. त्यांतले पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : लग्नाच्या आणि मंडईतल्या (गावच्या जत्रेतल्या) नाटकांच्या कॅसेटी घरच्या डीव्हीडी रेकॉर्डरवर उतरवायच्या आहेत. दुकानदार मायनस आर, प्लस आर, आरडब्ल्यू अशा तीन-चार डिस्क पुढे ठेवतो. कोणती घ्यावी? (तालुका आरमोरी, जि. गडचिरोली)

उत्तर : आधी रेकॉर्डरच्या दर्शनी भागावरची चिन्हं आणि सोबतचं माहितीपुस्तक पाहा. सुरुवातीच्या काळात पॅनासोनिकची यंत्रं मायनस आर आणि रॅम (हीही पुन्हा लिहिता येणारी डिस्कच), तर फिलिप्सची प्लस आर आणि प्लस आरडब्ल्यू घेत. नंतरची बरीच यंत्रं मायनस आणि प्लस या दोन्ही घराण्यांच्या डिस्क घेतात. यंत्र जी डिस्क ओळखतच नाही, ती कितीही स्वस्त मिळाली तरी उपयोग नाही. सातशे एमबीची कोरी सीडी तर यात मुळीच चालत नाही.

'आर' डिस्कवर रंगद्रव्याचा थर असतो. लेसरने तो एकदा बदलला की पूर्ववत होत नाही. म्हणून आर डिस्कवरचा एखादा भाग 'डिलीट' केला तर तो यादीतून जातो, पण जागा मोकळी होत नाही. 'आरडब्ल्यू'मध्ये धातूंच्या मिश्रणाचा थर असतो. तो साधारण हजार वेळा पुसून पुन्हा लिहिता येतो. रॅम लाखभर वेळा पुसता येते, पण साध्या प्लेअरवर ती बहुधा चालत नाही. पाहुण्यांना देण्यासाठी ती घेऊ नका.

कायम ठेवायचं आणि नातेवाइकांत वाटायचं रेकॉर्डिंग मायनस आरवर करा. गावोगावच्या जुन्या प्लेअरांवर चालण्याची खात्री तिचीच जास्त. प्लस आरही चांगली आहे, पण काही जुने प्लेअर तिची जात ओळखत नाहीत आणि डिस्क परत बाहेर टाकतात. आरडब्ल्यूवरून प्रकाश कमी परावर्तित होतो, त्यामुळे जुना प्लेअर गोंधळतो. तरीही आरडब्ल्यूची एक डिस्क घरात असावीच. आवाज बरोबर येतो का, चित्र हलतं का, ही चाचणी तिच्यावर करा आणि मगच आर डिस्क टाका.

डिस्कवरच्या १६ एक्स या लिहिण्याच्या वेगाच्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नका. कॅसेटवरून उतरवताना दोन तासांच्या कॅसेटला दोन तास लागणारच. उलट, जास्त वेगाच्या आरडब्ल्यू डिस्क काही जुनी यंत्रं ओळखत नाहीत.

प्रश्न : भाचीच्या लग्नाची डिस्क आमच्या रेकॉर्डरवर छान दिसते. बहिणीच्या घरी नेली तर प्लेअर 'नो डिस्क' म्हणतो. डिस्क खराब आहे का? (तालुका पवनी, जि. भंडारा)

उत्तर : डिस्क बहुधा चांगली आहे, ती फायनलाइज करायची राहिली आहे. डिस्कवर काय कुठे आहे याची अंतिम यादी फायनलाइज करताना लिहिली जाते, आणि साधा प्लेअर आधी तीच शोधतो. ज्या यंत्रावर रेकॉर्डिंग केलं त्यातच डिस्क घाला, 'डिस्क सेटिंग' किंवा 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा, 'फायनलाइज' निवडून होकार द्या. काही मिनिटांपासून पाव तासापर्यंत वेळ लागतो. डिस्कवर थोडंच रेकॉर्डिंग असेल तर उलट जास्त लागतो, कारण उरलेल्या जागेचा काही भाग यंत्राला भरून काढावा लागतो. त्या वेळात यंत्राला हात लावू नका. नंतर त्या आर डिस्कवर काही वाढवता येत नाही, म्हणून हळदीचं, लग्नाचं, वरातीचं सगळं आधी उतरवून घ्या.

प्लस आरडब्ल्यूला बहुतेक यंत्रांवर याची गरज नसते. मायनस आरडब्ल्यू फॉर्मॅट करताना यंत्र 'व्हिडिओ' की 'व्हीआर' असं विचारतं. व्हीआरमध्ये मधले तुकडे काढता येतात आणि जागाही परत मिळते, पण ती डिस्क अनेक प्लेअर वाचत नाहीत. बाहेर द्यायची असेल तर 'व्हिडिओ' निवडा आणि शेवटी फायनलाइज करा.

रेकॉर्डर बंद पडला असेल तरी डिस्क फेकू नका. त्याच कंपनीच्या दुसऱ्या यंत्रावर ती अनेकदा फायनलाइज होते. नाहीतर संगणकावर डिस्कमधलं रेकॉर्डिंग बाहेर काढणारी सॉफ्टवेअर असतात.

प्रश्न : रात्रभराच्या नाटकाच्या तीन-तीन तासांच्या दोन कॅसेटी आहेत. सहा तास एकाच डिस्कवर बसवू का? (तालुका ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर)

उत्तर : बसतील, पण बसवू नका. ४.७ जीबीच्या डिस्कवर (संगणक ती ४.३८ जीबी दाखवतो) एक्सपी मोडमध्ये (मोड म्हणजे रेकॉर्डिंगचा दर्जा) एक तास, एसपीमध्ये दोन, एलपीमध्ये चार आणि ईपीमध्ये सहा तास मावतात. जागा तेवढीच, म्हणजे तास वाढले की दर सेकंदाच्या वाट्याला माहिती कमी येते. एसपीमध्ये ती साधारण पाच मेगाबिट असते, सहा तासांत तिच्या तिसऱ्या हिश्श्यावर येते. शिवाय जुन्या कॅसेटवर दाणे असतात. यंत्र त्या दाण्यांनाही चित्र समजून जागा देतं आणि चेहऱ्यांवर चौकटी दिसू लागतात. लावणीत किंवा दंडारीत पाय भराभर हलतात, तिथे तर चित्र फाटतंच.

नाटकाला एसपी ठेवा. सहा तासांना तीन डिस्क लागतील, अंक संपेल तिथे डिस्क बदला. कीर्तन, भाषण, खंजिरी भजन अशा एका जागी बसून चालणाऱ्या कार्यक्रमाला एलपी पुरतो. तीन तासांची कॅसेट एका डिस्कवरच हवी असेल तर काही यंत्रांत 'एफआर' हा मोड असतो. वेळ सांगितली की तो जागेचा हिशेब स्वतः जमवतो. इथे तो वापरायला हरकत नाही.

जोडताना व्हीसीआरच्या 'आउट'मधून रेकॉर्डरच्या 'लाइन इन'मध्ये पिवळी वायर चित्रासाठी, पांढरी आणि लाल आवाजासाठी. व्हीसीआरला आवाजाची एकच खोबण असेल तर पांढरी लावा. विकत घेतलेल्या सिनेमाच्या कॅसेटीवर कॉपी रोखणारा संकेत असतो. रेकॉर्डर अशी कॅसेट घेत नाही, तो यंत्राचा बिघाड नव्हे.

प्रश्न : आमच्याकडे लाइन केव्हा जाईल याचा नेम नाही. रेकॉर्डिंग चालू असताना गेली तर? (तालुका दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : चालू असलेला तुकडा बहुधा जातो, कारण त्याची नोंद रेकॉर्डिंग थांबवल्यावर लिहिली जाते. म्हणून सलग दोन तास न ठेवता अर्ध्या-अर्ध्या तासाने थांबवून पुन्हा सुरू करा. आधीचे तुकडे सहसा वाचतात. लाइन आल्यावर काही यंत्रं डिस्क दुरुस्त करायला घेतात, तेव्हा ती घाईने बाहेर काढू नका. फायनलाइज चालू असताना लाइन गेली तर मात्र आर डिस्क कायमची वाया जाऊ शकते. इन्व्हर्टर असेल तर व्हीसीआर आणि रेकॉर्डर दोन्ही त्यावर घ्या. दोघांचा भार मिळून शंभर वॉटच्या आत असतो. इन्व्हर्टरचं बटण 'यूपीएस'वर ठेवा. साध्या मोडमध्ये बदलाला लागणाऱ्या क्षणभरात रेकॉर्डर बंद पडू शकतो.

प्रश्न : डिस्क किती टिकतील? (तालुका मूर्तिजापूर, जि. अकोला)

उत्तर : ते बरंचसं ठेवण्यावर आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि टिनाखाली त्याहून जास्त. ऊन आणि उष्णता रंगद्रव्याला मारक. डिस्क डब्यात उभ्या, खालच्या खोलीत, भिंतीच्या सावलीच्या बाजूला ठेवा. नाव बॉलपेनने लिहू नका, सीडीच्या मार्करने मधल्या पारदर्शक भागाजवळ लिहा. कागदी लेबल चिकटवू नका, डिस्क फिरताना तोल जातो. पुसायची तर मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल नको. महत्त्वाची डिस्क फायनलाइज झाल्यावर तिच्यातला 'व्हिडिओ टीएस' हा फोल्डर पूर्णच्या पूर्ण पेन ड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर उतरवून ठेवा. त्यातली एकेक फाइल वेगळी उचलली तर मेन्यू आणि क्रम बिघडतो.