पैसे साठवायची सवय सुटत नाही, स्वतःवर खर्च करताना जीव तुटतो, काय करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की वय ३१, पगार बरा, डोक्यावर कर्ज नाही, पगारातले साठ टक्के दर महिन्याला बाजूला पडतात, पण बुटाचा तळ उघडा पडलाय तरी नवीन घेववत नाहीत, चार महिने कार्टमध्ये पडून आहेत. वाचून आधी हसलो आणि मग गप्प झालो, कारण हा माणूस मीच होतो. आता ४५ चा आहे, अकाउंट्सला नोकरी, डोंबिवलीत राहतो. तर माझी केस सांगतो, त्यातलं लागू पडेल ते घ्या.

वडील परळच्या एका कापड मिलमध्ये साच्यावर (मागावर) होते. १८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला तेव्हा मी दोन वर्षांचा, म्हणजे मला त्यातलं काही आठवत नाही, पण घरात पुढची वीस वर्षं तोच विषय. आधी तांब्यापितळेची भांडी गेली, मग आईच्या पाटल्या, मग वडील एका सोसायटीत वॉचमन लागले ते रिटायर होईपर्यंत वॉचमनच. आई खानावळीचे डबे करायची आणि उरलेल्या नोटा तांदळाच्या डब्यात तळाशी पुरून ठेवायची. तांदळाला बोरिक पावडर चोळलेली असायची, त्यामुळे आमच्या घरच्या नोटांना कायम तो वास, वाणी नोट हातात घेऊन नाक मुरडायचा ते अजून डोळ्यासमोर आहे. सांगायचं काय, तर त्या दोघांची भीती कमावलेली होती, मला ती आयती मिळाली. माझा पगार एक महिनाही कधी चुकलेला नाही, तरी मी रोज संपावर गेल्यासारखा जगत होतो.

म्हणजे किती, तर २००७ पासूनची एक्सेल शीट आहे माझ्याकडे, त्यात कटिंग चहासुद्धा आहे. सात बँकांत एफड्या, कारण तेव्हा ठेवींवर विमा फक्त १ लाखाचा होता (फेब्रुवारी २०२० मध्ये तो ५ लाख झाला), त्यामुळे प्रत्येक ठिकाणी लाखाच्या आत. सात पासबुकं, सात ठिकाणी केवायसी, अर्धा शनिवार त्यात जायचा आणि मला वाटायचं मी केवढा हुशार. मे महिन्यात शेअर रिक्षाचे १५ रुपये वाचवायला स्टेशनवरून घरी चालत यायचो आणि घरी आल्यावर ग्लुकॉन-डी प्यायचो, त्याचा हिशोब मात्र शीटमध्ये किराण्यात. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात ना, माझं अंथरूण वाढत गेलं आणि पाय पोटाशीच.

बदललो कुठे, तर मालवणात, २०१८ ची मे ची सुट्टी. बायकोने दोन वर्षं मागे लागून नेलं होतं. दुपारी जेवायला बसलो, मेन्यूकार्ड आलं, मी नेहमीप्रमाणे उजवीकडून वाचायला सुरुवात केली, म्हणजे आधी आकडे आणि मग पदार्थ. बांगडा थाळी १८०, सुरमई ३५०, शाकाहारी १२०. मुलगा तेव्हा आठ वर्षांचा, मासे म्हणजे जीव की प्राण, बांगड्याचे काटे आजीपेक्षा साफ काढतो. त्याने कार्ड बघितलं आणि म्हणाला, "मला व्हेज चालेल बाबा, तीच सगळ्यात स्वस्त आहे." कुणी त्याला काही बोललेलं नव्हतं. बायको काही बोलली नाही, नुसती पेपर नॅपकिनच्या घड्या घालत बसली. आणि खरं सांगतो, लाज वाटते पण सांगतो, माझ्या मनात पहिला शब्द आला तो "शाबास". बाकीचं कळायला जेवण संपावं लागलं, आणि तोवर पोरगं वरणभात खाऊन मोकळं झालं होतं.

संध्याकाळी परत तिथेच गेलो, सुरमई मागवली, ती संपली होती.

घरी आल्यावर पहिल्यांदा शीटकडे नीट बघितलं. एफडीवर तेव्हा ७ टक्के मिळायचे म्हणून मी खूश, पण मी इन्कम टॅक्सच्या ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये, म्हणजे टॅक्स जाऊन हातात ५ टक्केसुद्धा उरत नाहीत, आणि महागाई ६ टक्के धरली तर १ लाखाला आज जेवढं येतं त्याच्या निम्मंच १२ वर्षांनी येणार. म्हणजे भीतीपोटी मी जे राखत होतो ते बसल्या जागी झिजत होतं. हे मी अकाउंट्सचा माणूस असून मला कळत नव्हतं असं नाही, बघायचं नव्हतं. ही पहिली गोष्ट तुम्हीही करा, एका संध्याकाळी बसून "पुरेसं म्हणजे किती" हा आकडा कागदावर काढा. माझा असा निघाला: सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा, मेडिक्लेम आणि टर्म इन्शुरन्स, पोराच्या शिक्षणाची एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम), पीपीएफ (सरकारी लांब मुदतीची बचत), आई-वडिलांच्या दवाखान्याची एक एफडी. पगार झाला की तीन तारखेच्या आत सगळं आपोआप कापून जातं. आकडा नसला की कितीही साठवा, कमीच वाटतं, कारण कशाच्या तुलनेत कमी तेच माहीत नसतं.

उरलेल्यातले पगाराच्या ५ टक्के एका वेगळ्या खात्यात. बायकोने त्याला नाव ठेवलं चैनखातं. नियम एकच, ३१ मार्चला ते रिकामं पाहिजे, शिल्लक राहिली तर ती बायकोची, मी प्रश्न विचारायचा नाही. पहिल्या वर्षी माझ्याकडून ११,४०० उरले, तिने त्यात पडदे घेतले, मोरपंखी रंगाचे, मला अजिबात न आवडणारे, अजून रोज बघतो. दुसऱ्या वर्षी बरोब्बर खर्च झाले. सांगायचा मुद्दा, आपल्यासारख्यांना "मजा करा हो" म्हणून काही होत नाही, आपल्याला टार्गेट लागतं, तर खर्चाचंच टार्गेट द्यायचं.

आणि हो, लोक ज्यावर खर्च करतात त्यावरच करायला पाहिजे असं काही नाही. मला महागडा फोन नको, हॉटेलिंगचं वेड नाही, तिथे कंजूष आहे तो आनंदाने आहे, ते सोडायची गरज वाटत नाही. मला नाटक आवडतं. वर्षानुवर्षं बाल्कनीत बसून अर्धी एक्स्प्रेशन्स अंदाजाने बघितली, आता पहिल्या पाच रांगांत बसतो, डोंबिवलीत सावित्रीबाई फुले नाट्यगृह नाही तर ठाण्याला गडकरी.

तुमच्या बुटांचं म्हणाल तर ३,००० चे बूट दोन वर्षं चालले तर दिवसाला चार रुपये पडतात, शीटमध्ये तसे टाका, मला असं भागून बघितलं की जमतं. पावसाळ्याआधी घ्या.

अजून एक, रात्री झोप उडत असेल, दहा वेळा बॅलन्स चेक होत असेल, किंवा घरात यावरून रोज वाजत असेल तर सरळ एखाद्या समुपदेशकाकडे जा. मी गेलो होतो, चार वेळा. फी ऐकून पहिल्या दिवशी उठलोच होतो, त्या बाई म्हणाल्या बसा, इथूनच सुरुवात करू. सगळं गेलंय असं नाही, रिक्षात बसलो की मीटरकडे डोळा अजून जातोच.

मागच्या दिवाळीनंतर वडलांना गडकरीला घेऊन गेलो. ७८ वय, थिएटरात आयुष्यात तिसऱ्यांदा. तिकीट ५०० चं होतं, मी २०० सांगितलं. तरी म्हणाले, "दोनशे? टीव्हीवर लागलंच असतं की कधीतरी." पहिला अंक हाताची घडी घालून बसले, खुर्चीला पाठ न टेकता. इंटरव्हलला लाईट लागले तसे माझ्याकडे न बघताच म्हणाले, "वडे घे रे. दोन-दोन घे."