वॉशिंग्टनची युद्धपत्रं वाचताना: जमा, शिल्लक आणि तारीख

चिरंजीव अभ्यासकास,
सप्रेम आशीर्वाद.

तुझं टिपण वाचलं. ब्रिटनविरुद्धच्या अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातला सरसेनापती जॉर्ज वॉशिंग्टन, त्याची १७७५ ते १७७७ मधली पत्रं निवडलीस हे चांगलं केलंस. फौज उभी राहिली, विरघळत गेली, पुन्हा भरली, हे सगळं या टपालात दिवसागणिक दिसतं. पण टिपणात जागोजागी ‘वॉशिंग्टन म्हणतो’ असं आलंय. कोणत्या कागदात म्हणतो, कोणाला म्हणतो, आणि त्या दिवशी त्याच्यापर्यंत कोणती बातमी पोचली होती? प्रत्येक उताऱ्याशेजारी एवढं लिहिलेलं नसेल, तर उतारा अस्सल असूनही निष्कर्ष फसतो.

आधी कागद. ही पत्रं एका कचेरीतून निघत. पहिला चिटणीस जोसेफ रीड. पुढे रॉबर्ट हॅन्सन हॅरिसन, टेंच टिळघमन. १ मार्च १७७७ पासून अलेक्झांडर हॅमिल्टन. सरसेनापती मुद्दे सांगे, मदतनीस मसुदा करी, त्यावर खाडाखोड होई, स्वच्छ प्रत सहीला जाई आणि नक्कल दप्तरी राही. त्यामुळे एकाच पत्राची चार रूपं हाती येऊ शकतात: मसुदा, रवाना झालेली सहीची प्रत, त्या वेळची नक्कल, आणि व्हॅरिकची नक्कल. हा रिचर्ड व्हॅरिक १७८१ मध्ये नेमला गेला. त्याने कारकून बसवून सगळं दप्तर वर्गवारीने ४४ खंडांत सुवाच्य उतरवून काढलं. अक्षर इतकं देखणं की नवखा माणूस हटकून तिथेच बसतो. पण ती नकलेची नक्कल आहे, आणि घटनेनंतर काही वर्षांनी झालेली.

पत्र मिळणाऱ्याने काय वाचलं हे हवं असेल तर रवाना प्रत धर. लिहिणाऱ्याच्या मनात काय चाललं होतं हे हवं असेल तर मसुद्यातले खोडलेले शब्द बघ. ताजा कलम पुष्कळदा शेवटच्या घटकेला पडतो, म्हणून तो नकलेत नसला तर दचकू नकोस. मसुदा हॅमिल्टनच्या अक्षरात आहे म्हणून विचार हॅमिल्टनचा, ही उडी मात्र कधीच मारू नकोस. मूळ दप्तर वॉशिंग्टन शहरातल्या काँग्रेसच्या ग्रंथालयात आहे, सुमारे ७७,००० नग. व्हर्जिनिया विद्यापीठाने १९६८ पासून हाती घेतलेल्या आवृत्तीत प्रत्येक पत्राखाली कोणती प्रत छापली आणि बाकीच्या कुठे आहेत ते दिलेलं असतं. तो बारीक टाइप आधी वाच, पत्र नंतर.

आता शब्द. तुझ्या तर्जुम्यात ‘तुमची १४ तारखेची मेहेरबानी मिळाली’ असं वाक्य आहे. त्या काळच्या इंग्रजी पत्रव्यवहारात ‘फेवर’ म्हणजे पत्र. आपल्या ‘कृपापत्र पावले’ मधलं कृपापत्र तेवढं लिही. ‘इन्स्टंट’ म्हणजे चालू महिना, ‘अल्टिमो’ म्हणजे मागचा. हे उलटसुलट झालं की घटनाक्रम एका झटक्यात महिनाभर सरकतो. ‘एक्स्प्रेस’ हा खास जासूद. ‘फ्लॅग’ म्हणजे नुसतं निशाण नाही, पांढऱ्या निशाणाखाली बोलणी किंवा पत्र घेऊन आलेला माणूसही. ‘आपला अत्यंत आज्ञाधारक नम्र सेवक’ या शेवटच्या ओळीतून नम्रता शोधायला जाऊ नकोस. ‘बहुत काय लिहिणे’ मधून जेवढा भाव निघतो तेवढाच तिथून निघेल.

मायन्याचं मात्र उलट. जुलै १७७६ मध्ये न्यूयॉर्कपुढे आरमार लावून बसलेल्या हाऊ या ब्रिटिश सेनानी बंधूंकडून पत्र आलं, वर लिहिलेलं ‘जॉर्ज वॉशिंग्टन एस्क्वायर’, म्हणजे नुसतं श्रीयुत. हुद्दा नाही. रीडने ते घेतलंच नाही. २० जुलैला हाऊंचा कर्नल पॅटरसन स्वतः आला आणि म्हणाला, नावापुढे ‘वगैरे वगैरे’ आहे, त्यात सगळं आलं. वॉशिंग्टनचं उत्तर असं की त्यात सगळं येतं, तसं काहीही येऊ शकतं. हुद्दा मान्य केला तर समोर बंडखोर नसून एका राज्याची फौज आहे हे मान्य होतं, म्हणून दोन अक्षरांवर एवढी ताणाताणी. पाकिटावरचा मजकूरही नोंदीत घे, तो याचसाठी.

सगळ्यात जास्त घोळ घालतो तो ‘रिटर्न’ हा शब्द. रिटर्न म्हणजे हजेरीचा किंवा सामानाचा झाडा. ऑगस्ट १७७५ ची दारूगोळ्याची गोष्ट यासाठी नीट उकलून बघ. ३ जुलैला बॉस्टनजवळच्या केंब्रिजला सेनापतीपद हाती घेतल्यावर वॉशिंग्टनला सांगण्यात आलं की कोठारात बंदुकीच्या दारूची तीनशेहून अधिक पिंपं आहेत. महिनाभराने नवी काडतुसं मागवली तेव्हा कळलं की मॅसॅच्युसेट्सच्या साठ्यात ३६ उरली आहेत. ऱ्होड आयलंड, न्यू हॅम्पशर आणि कनेक्टिकटचा साठा धरून एकूण ९,९३७ पौंड, म्हणजे पत्रातल्या हिशोबाने माणशी नऊ बारांपेक्षा जास्त नाही. मधल्या काळात एवढा खप होईल अशी लढाई झालेली नव्हती. मग खोट कुठे होती? काँग्रेसला, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधी सभेला, ४ ऑगस्टला लिहिलेल्या पत्रात ते कारण दिलंय. पुरवठा समितीला झाडा म्हणजे काय हे नीट ठाऊक नव्हतं. प्रांताने सुरुवातीपासून गोळा केलेली सगळी दारू तिने मांडली, संपलेलीसुद्धा. किराणा दुकानातला पोऱ्यासुद्धा जमा आणि शिल्लक यांत गल्लत करत नाही, पण इथे बॉस्टनचा वेढा महिनाभर त्या गल्लतीवर उभा होता.

जुलैच्या पत्रांतला कोणताही आत्मविश्वास उद्धृत करताना हे लक्षात ठेव. तो माणूस धाडसी होता की सावध, हा वाद घालण्याआधी त्याच्यासमोर कोणता आकडा होता ते बघ. फौजेच्या झाड्यालाही हेच लागू. त्यात हजर व कामास लायक, छावणीत आजारी, बाहेर आजारी, कामगिरीवर गेलेले, रजेवर असे वेगळे रकाने असतात. एकूण बेरीज उचललीस तर रणात कधीच न उतरलेली फौज तुझ्या लेखात लढेल. २३ डिसेंबर १७७७ च्या, व्हॅली फोर्जच्या हिवाळी छावणीतल्या पत्रात अनवाणी आणि उघडे असल्यामुळे कामास नालायक ठरलेले २,८९८ लोक मोजलेत. ते छावणीत हजर होते, हे विसरू नकोस.

त्याच दारूचा पुढचा धागा तारखांसाठी उपयोगी आहे. ४ ऑगस्टलाच ऱ्होड आयलंडचा उपगव्हर्नर निकोलस कुक याला पत्र गेलं: बर्म्युडा बेटावर दारूचं कोठार आहे, जहाज पाठवता येईल का, आणि आपली अवस्था अगदी गुप्त राहू दे. ६ सप्टेंबरला बर्म्युडाच्या रहिवाशांना उद्देशून आर्जवाचं पत्र तयार झालं. पण ते कोठार १४ ऑगस्टच्या रात्रीच फुटलं होतं आणि दारू वसाहतींकडे निघालीही होती. तीन आठवडे उलटूनही केंब्रिजला पत्ता नाही. तू जर दोन्ही गोष्टी एका परिच्छेदात ‘दरम्यान’ घालून जोडल्यास, तर पत्र आधी आणि दारू नंतर असा भास होईल.

म्हणून प्रत्येक पत्रामागे तीन तारखा मांडायची सवय लाव: लिहिल्याची, पोचल्याची, आणि त्यात उल्लेखलेली सर्वांत ताजी बातमी कोणत्या दिवसाची त्याची. तिसरी सर्वांत किमती. पोचल्याची तारीख पुष्कळदा पाठीमागच्या नोंदीत किंवा उत्तराच्या पहिल्या ओळीत सापडते.

डिसेंबर १७७६ चा पंधरवडा या पद्धतीने मांडून बघ, लेखाचा कणा तिथेच मिळेल. १८ तारखेला भावाला पत्र: ‘डाव जवळजवळ संपलाच समज’. हे वाक्य सगळे उचलतात आणि त्याच्या आधीचं अर्धं सोडून देतात. नवी फौज भरण्यासाठी सगळी ताकद पणाला लावली नाही तर, अशी अट आहे तिथे. अटीमागे साधं गणित होतं, ३१ डिसेंबरला बहुतेकांच्या नोकरीची मुदत संपत होती. २० तारखेला काँग्रेसला अधिक अधिकार मागणारं पत्र गेलं. असे अधिकार सोपवणं धोक्याचं आहे असं कोणी म्हणेल, हे तो स्वतःच लिहितो आणि जालीम दुखण्याला जालीम औषध हवं असं म्हणतो. २७ तारखेला काँग्रेसने सहा महिन्यांसाठी अधिकार दिले. आणि त्याच २७ तारखेला न्यूटाउनहून वॉशिंग्टन ट्रेंटनच्या विजयाचं पत्र लिहीत होता. काँग्रेस तेव्हा फिलाडेल्फिया सोडून बाल्टिमोरला बसलेली. ठराव करताना ट्रेंटनची बातमी तिच्यापर्यंत आलेली नव्हती. विजयाचं बक्षीस म्हणून अधिकार मिळाले असं तुझ्या टिपणात आहे, ते काढ. ते भीतीपोटी दिले होते.

ट्रेंटनचं पत्र लढाईचं पत्र कसं वाचावं याचाही नमुना आहे. नदी ओलांडायची जागा मॅककॉन्कीज फेरी, ट्रेंटनपासून नऊ मैल. बेत असा की मध्यरात्रीपर्यंत सगळे नदीपार, पहाटे पाचला गावापाशी. नदीत बर्फ, म्हणून तोफा उतरायला तीन वाजले आणि कूच व्हायला चार. वरच्या वाटेची तुकडी बरोबर आठला शत्रूच्या चौकीवर, आणि तीन मिनिटांत खालच्या वाटेवरून बार ऐकू आले. म्हणजे अंधारात गाठण्याचा बेत पार बारगळला होता, हे तो लपवत नाही. उजाडणार हे ठाऊक असूनही परत फिरताना हल्ला होईल म्हणून पुढेच गेलो, असं सांगतो. इविंग आणि कॅडवॉलडर यांच्या तुकड्या बर्फामुळे पार होऊ शकल्या नाहीत, तेही आहे. कैदी २३ अधिकारी आणि ८८६ शिपाई. आपले जखमी ‘दोन अधिकारी आणि एक-दोन शिपाई’. हा ‘एक-दोन’ तसाच ठेव, त्याचा ‘दोन’ करू नकोस. मोजदाद सुरू असतानाची ती भाषा आहे. (मराठी वाचकासाठी एक तळटीप इथे शोभेल: आठवड्याभरात प्रिन्स्टनच्या वाटेवर ज्याला रातोरात चकवलं तो कॉर्नवॉलिसच पुढे १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणला हरिपंत फडक्यांचा दोस्त म्हणून उभा होता.)

पत्र कोणाला आहे यावर सूर बदलतो. काँग्रेसच्या अध्यक्षाला, म्हणजे ऑक्टोबर १७७७ पर्यंत जॉन हॅनकॉकला, आकडे आणि मागण्या, गव्हर्नरांना आर्जव, रीडला चीड. हे सगळं आधी माहीत असतं तर कोणत्याही किमतीवर हे पद घेतलं नसतं, असं २८ नोव्हेंबर १७७५ ला तो लिहितो ते रीडलाच. वर्षभराने त्याच रीडने वॉशिंग्टनच्या हाताखालचा सेनानी चार्ल्स ली याला पत्र लिहून वॉशिंग्टनच्या धरसोडीबद्दल तक्रार केली. लीचं उत्तर छावणीत आलं तेव्हा रीड बाहेर होता, आणि सरकारी समजून वॉशिंग्टनने ते फोडलं. ३० नोव्हेंबर १७७६ ला त्याने ते चार ओळींसह रीडकडे पाठवलं: खासगी आहे याची कल्पना नव्हती, उघडल्याबद्दल माफी. तक्रारीचा एक शब्द नाही. त्या चार ओळींवर तू दोन पानं भावना लिहिल्या आहेस. चार ओळीच छाप.

जुन्या छापील आवृत्त्या जपून वापर. जेरेड स्पार्क्सच्या १८३४ ते १८३७ च्या बारा खंडांत संपादकाला जे शोभेना ते बदललंय. ‘ओल्ड पुट’ या टोपणनावाचा ‘जनरल पुटनम’ झाला. हाती आलेली रक्कम म्हणजे ‘पिसवाचा चावा’ असं मूळ होतं, तिथे रक्कम ‘गरजेला सर्वस्वी अपुरी’ बनली. आणि १७७७ मध्ये लंडनला छापलेल्या, वॉशिंग्टनचा गुलाम बिली याच्याजवळ सापडली म्हणून सांगितलेल्या खासगी पत्रांपासून तर दूरच राहा. ती बनावट होती आणि वॉशिंग्टनने मार्च १७९७ मध्ये तसं लेखी कळवलं. तुझ्या सातव्या टिपेतला उतारा त्यातलाच वाटतो, तपासून घे.

पैशाच्या जागी चलन लिही. एक स्पॅनिश डॉलर व्हर्जिनियात आणि न्यू इंग्लंडमध्ये सहा शिलिंगांचा, न्यूयॉर्कमध्ये आठ, पेनसिल्व्हेनियात साडेसात. नुसता ‘पौंड’ लिहिलास तर काहीच कळत नाही.

पुढच्या खेपेला ३० सप्टेंबर १७७६ चं लुंड वॉशिंग्टनला, म्हणजे घरचा कारभार बघणाऱ्या नातलगाला, लिहिलेलं पत्र पूर्ण तर्जुमा करून पाठव. न्यूयॉर्क हातचं गेलंय, आणि तो लिहितो की शत्रूला सर्वांत कडू शाप द्यायचा तर त्याला माझ्या जागी, माझ्या मनःस्थितीसह बसवीन. आणि त्याच कागदावर माउंट व्हर्ननच्या नव्या खोलीची धुराडी बरोबर मध्यावर आली पाहिजे, दारं आणि बाकी सगळं तिला जुळतं हवं, अशा सूचना आहेत. नेहमी पहिला भाग उद्धृत होतो. तू धुराडीसुद्धा ठेव, आणि ‘मध्यावर’ या शब्दाखाली रेघ आहे का ते मूळ कागदाच्या चित्रावर बघून कळव.

बहुत काय लिहिणे.